सूचीबाहेरची माणसे

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात एक कपाट आहे. त्यावर ‘कुलवृत्तांत’ अशी चिठ्ठी डकवलेली. आत एकेका घराण्याचे जाडजूड ग्रंथ. मूळ पुरुष कोण, तो कोकणातून वर केव्हा आला, त्याच्या शाखा किती, गोत्र कोणते, कोणाला इनाम मिळाले, कोण मामलेदार झाला, सारे काही. मध्ये घडी घातलेला मोठा कागद असतो. तो उलगडला की दहा-बारा पिढ्यांचे झाड टेबलावर पसरते. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्या कपाटापुढून किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. त्यात आपले काही नाही हे ठाऊकच होते, म्हणून कधी उघडले नाही. माझे वडील गावच्या पाणवठ्यापुढून जसे खाली मान घालून जात, तसाच मी त्या कपाटापुढून गेलो, हे मला फार उशिरा कळले.

आमच्याकडे आत्मकथने आली. १९७८ साली ‘बलुतं’, १९७९ साली ‘आठवणींचे पक्षी’, १९८० साली ‘उपरा’. हेच आमचे कुलवृत्तांत असे आम्ही म्हणालो, आणि ते खरेही होते. पण नीट पाहा. आमची बहुतेक आत्मकथने आजोबापाशी येऊन थांबतात. त्याच्या मागे अंधार. हा अंधार काही अमावास्येसारखा निसर्गाने केलेला नाही. कोणीतरी लिहीत होते, आणि लिहिताना आम्हाला वगळत होते किंवा ओळीच्या मधोमध दडपत होते. आज यंत्रे जुनी दप्तरे वाचू लागली आहेत, तेव्हा या अंधाराचे काय होणार, हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत माझ्याच घरात पडला. त्याची ही हकीकत.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वज शोधणे हा सुखवस्तू लोकांचा छंद असतो. आमच्यासाठी तो छंद नाही. माझ्या नातीला २०२४ साली अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जातपडताळणीचा दाखला हवा होता. पडताळणीचा आपल्या राज्याचा कायदा २००० सालचा. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवसापूर्वीचा कागद आणा म्हणतात. मी १९७६ साली नोकरीला लागलो तेव्हा हे प्रकरण असे नव्हते. मुलाने खाजगी नोकरी धरली, त्यालाही गरज पडली नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आहे. त्या शब्दाचा आम्हाला अभिमान आहे, पण तो १९५६ नंतरचा. १९५० पूर्वीच्या आमच्या कागदावर तो असणार कसा? तिथे असेल तर ‘महार’ असेल. म्हणजे ज्या शब्दातून बाहेर पडण्यासाठी आमच्या बापजाद्यांनी नागपूरची वाट धरली, तो शब्द शोधत नातीने चावडीपासून तहसिलीपर्यंत फिरायचे. माझे वडील दोन इयत्ता शिकले होते. त्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लेले निघाले. दुसरा कागद नव्हता.

मी हात टेकले. नात म्हणाली, “आबा, आता सगळं संगणकावर आहे. शोधू या.”

‘आपले अभिलेख’ या नावाने महसूल खात्याने जुने सातबारे, फेरफार यांची छायाचित्रे लोकांसाठी खुली केलेली आहेत. काम चांगले आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण शोधायला बसले की रकाने येतात. जिल्हा, तालुका, गाव, दस्ताचा प्रकार, आणि मग सर्वे नंबर किंवा गट नंबर. माणसाचे नाव विचारीतच नाही! ज्याच्या नावे जमीन त्याला नंबर, आणि ज्याला नंबर त्याला इतिहास. गावकुसाबाहेरच्या ज्या घराला गुंठाभरही रान नव्हते त्याने त्या रकान्यात काय टाकावे?

आमचे नशीब एवढेच, की आमच्याकडे हाडकी-हाडवळा होता. महारवतनाची जमीन. त्या जमिनीने आमचे काय वाटोळे केले ते या पत्राच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मूठभर रानाच्या बदल्यात सरकारची आणि गावाची रात्रंदिवस वेठ. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बिल आणले ते याच बेडीसाठी. वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्यानंतर नजराणा भरून जमीन परत नावावर करून घेतल्याची वडिलांची पावती पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी निघाली. तीवर सर्वे नंबर होता. म्हणजे आमचा पणजोबा आम्हाला सापडला तो त्याच्या बेडीवर नंबर कोरलेला होता म्हणून. ज्यांच्या पायात ती बेडी नव्हती, त्या मांग, ढोर, चांभार आणि पालावरच्या भावंडांना तोही धागा नाही.

नंबर टाकला आणि १९१९ सालचा एक फेरफार पडद्यावर आला. मोडीत लिहिलेला. आमच्या गावात १९१८ च्या मानमोडीच्या साथीत घरेच्या घरे रिकामी झाली होती असे वडील सांगत. हा फेरफार त्याच मरणांपैकी एकाचा, माझ्या आजोबांच्या मृत्यूनंतर वारस लावण्याचा. मी निवृत्तीनंतर पुराभिलेख खात्याच्या वर्गात मोडी शिकलो, पण डोळे आता साथ देत नाहीत. नातीने मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला आणि एका यंत्राला वाचायला दिला. अर्ध्या मिनिटात देवनागरी मजकूर हजर. मला खरोखर आश्चर्य वाटले. तीन उन्हाळे घालवून मी जे शिकलो, ते तिच्या तळहातावर.

मजकुरात होते, ‘मयत कृष्णा बिन येसनाईक’.

मी म्हणालो, थांब. भिंग आण. भिंगातून पाहिले तर तिथे ‘येसनाक’ होते. येसनाईक नव्हे, येसनाक!

हा फरक एका अक्षराचा नाही. नाक हा आमच्या पूर्वजांच्या नावाला जोडलेला शब्द. रामनाक, सिदनाक, भागनाक. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतले जे महार शिपाई ओळखू येतात ते याच ‘नाक’वरून, कारण तिथे जात लिहिलेली नाही. नाईक हा वेगळा. तो फौजेतला हुद्दा आहे आणि अनेक जातींचे आडनावही. यंत्राने आमच्या पणजोबाला बढती दिली आणि जातीबाहेर काढले. हा कागद तसाच पडताळणी समितीपुढे गेला असता तर? नाव जुळत नाही, पूर्वज दुसऱ्या जातीचा दिसतो, अशा एका शेऱ्याने मुलीचे वर्ष गेले असते.

यंत्राने असे का केले? नातीने मला जे समजावले ते असे. यंत्राला आधी हजारो ओळींची चित्रे आणि त्यांचे बरोबर वाचन दाखवतात. त्यावरून ते शिकते. पुढे अंधुक अक्षर आले की ते नुसते पाहत नाही, अंदाज बांधते; आजवर या ठिकाणी बहुधा काय आले होते, ते तिथे घालते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आधी लांबलचक रेघ ओढून अक्षरे तिला टांगीत जातात, तेव्हा अंदाजाचे काम अधिकच. आता ज्याने दरबारी कागद, सरदारांचे हिशेब आणि वाड्यातली पत्रे वाचून शिक्षण घेतले, त्याला नाईक शंभर वेळा भेटला असेल आणि नाक एकदाही नाही. त्यात यंत्राचा द्वेष नाही. पण गावच्या शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांचाही पुष्कळदा द्वेष नसे, त्यांनी फक्त आमच्यासारखे कोणी पाहिलेले नसे.

२०२५ साली आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचे देवनागरी करणारी प्रणाली लोकांपुढे ठेवली. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही वळणांची दोन हजारांवर पाने त्यांनी यासाठी गोळा केली. हे मोठे काम आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, आणि ते वाचणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी. माझा प्रश्न इतकाच आहे, की यंत्राच्या या शाळेत महारवाड्यातली पाने किती बसवणार? वतनाच्या तक्रारी, येसकरपाळीच्या याद्या, वेठीच्या नोंदी, कोतवाल बुकातली मरणे? ती नसतील तर यंत्र पदवी घेऊन बाहेर पडेल आणि आम्हाला पुन्हा नाईक करील.

कोतवाल बुकावरून आठवले. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची खबर चावडीवर द्यायचे काम महाराचे. मर्तिकाचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव जायचे कामही त्याचेच. शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष घेत, कारण दगड कुठे होता ते त्यालाच माहीत. म्हणजे गावाचे चालतेबोलते दप्तर तोच. पण लिहायचे काम पाटील-कुलकर्ण्याचे. त्यामुळे गावाची सगळी मरणे त्याने सांगितली, आणि त्याचे स्वतःचे मरण मात्र ‘राम्या महार, ताप’ एवढ्यावर संपले. हे ‘राम्या’ ध्यानात ठेवा. शोधताना नातवंडे ‘रामचंद्र’ टाकतात आणि यंत्र नाही म्हणते. धोंड्या, कचऱ्या, उकिरड्या, दगड्या टाकून पाहा असे मी सांगतो. माझे वडील मतदार यादीत दगडूराव होते, जुन्या कागदात ते दगड्या आहेत. आम्हाला आमची माणसे शिवी टाकून शोधावी लागतात.

आडनावाची तर आणखीच तऱ्हा. जगभरची वंशशोधाची साधने आडनावावर उभी आहेत. आमच्याकडे आडनाव बहुधा शाळेत मास्तरांनी दिले, गावावरून किंवा स्वतःच्या मर्जीवरून. कित्येकांनी धर्मांतरानंतर बदलले. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. घराण्याचे नाव सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झाले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. रजिस्टरला अनुक्रमांक १९१४. उद्या एखाद्या परक्या अभ्यासकाने यंत्रात ‘भीमराव सकपाळ’ टाकले तर त्याला ते पान कधीच मिळणार नाही. ज्यांच्यावर हजारो ग्रंथ आहेत त्यांची ही गत, मग दगडू कृष्णा महाराची काय कथा!

याउलट दुसरे चित्र पाहा. कंपनीच्या आणि राणीच्या राज्यात भारतात जन्मलेल्या, लग्न केलेल्या आणि मेलेल्या युरोपियनांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातल्या लाखो नोंदी २०१४ पासून घरबसल्या नावाने शोधता येतात. म्हणजे साहेबाच्या पोराचा बाप्तिस्मा लंडनमधल्या त्याच्या पणतीला एका बोटावर मिळतो. त्याच पलटणीत त्याच्या तंबूबाहेर उभा असलेला महार शिपाई असा शोधून सापडत नाही. आणि तीर्थक्षेत्री पंड्यांच्या वह्या असतात. हरिद्वारच्या वह्यांची फिल्म तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने काढून नेली. पण ज्या तीर्थाच्या पाण्याला शिवायची बंदी, त्या तीर्थाच्या वहीत आमचा पणजा कसा असेल? (आता तर परदेशी कंपन्या नळीत थुंकी पाठवा, वंश सांगतो म्हणतात. पेशवाईत ज्या थुंकीपायी आमच्या गळ्यात मडके आले, तीच आता पैसे घेऊन मागताहेत. काळाचा विनोद म्हणतात तो हाच असावा.)

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे यंत्र नकोच? तसे मी म्हणत नाही. उलट मला जी आशा दिसते ती यंत्रातच दिसते, आणि ती दाखवली अमेरिकेतल्या काळ्या भावंडांनी. १९७२ साली आमच्या पोरांनी पँथर हे नाव त्यांच्याकडूनच उचलले, तेव्हा हे नाते काही नवीन नाही.

त्यांच्याकडे १८७० च्या जनगणनेला भिंत म्हणतात. त्यापूर्वी १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी केली गेली, पण तीत मालकाचे नाव, आणि त्याखाली नुसते वय, लिंग, रंग. माणसाला नाव नाही. गुलामगिरी संपल्यावर मुक्तांसाठी सरकारने जो विभाग काढला त्याच्या दप्तरातली सुमारे १८ लाख नावे हजारो स्वयंसेवकांनी एकेक वाचून, टंकून, २०१६ पर्यंत शोधण्याजोगी केली. मग २०२४ साली त्याच युटाच्या संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. यंत्राने जुनी मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्त शब्दन् शब्द वाचले. इथे नीट लक्ष द्या. या दस्तांच्या सूच्या पूर्वीही होत्या, पण त्यांत कोणाचे नाव? देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, म्हणजे मालकाचे. ‘माझ्या मुलीला पलंग, दोन गाई आणि अमुक नावाची बाई तिच्या पोरासह’ असे जे मधोमध लिहिलेले, ती बाई सूचीत येतच नव्हती, कारण पलंगाची सूची कोण करतो? यंत्राला मात्र मालक कोण आणि माल कोण हे कळत नाही. ते सगळेच वाचते. आणि दीडशे वर्षे पानाच्या पोटात बसलेली ती बाई आता नावानिशी सापडते.

मला मुद्दा सापडला तो इथे. आमचाही इतिहास जळालेला नाही. तो सूचीबाहेर आहे. कोणाचे नाव यादीत घ्यायचे आणि कोणाचे ओळीत पुरायचे, हा निर्णय लेखणीवाल्यांनी घेतला, आणि पुढे प्रत्येक सूचीकाराने तोच गिरवला.

आजही गिरवला जातो. २०२३ च्या सप्टेंबरपासून राज्यात कुणबी नोंदींचा शोध झाला. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. गावोगावची कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे, मोडी दप्तरे उघडली, मोडी वाचकांना कामाला लावले, पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. पन्नास लाखांवर नोंदी मिळाल्याचे जाहीर झाले. ज्याला कागद मिळाला त्याचा मला हेवा नाही. गरीब शेतकऱ्याच्या पोरालाही कागदावाचून हाल सोसावे लागतात. पण आमच्या भागातली काही पाने मी उघडून पाहिली. एका पानावर वरून तिसऱ्या ओळीला कुणबी, तिला क्रमांक देऊन यादीत घेतलेले. चौथ्या ओळीला महार. पाचव्या ओळीला मांग. फोटोत आहेत, यादीत नाहीत. पान उघडले, दिवा लावला, वाचणारा बसवला, सरकारचा पैसा खर्च झाला, आणि बोट तिसऱ्या ओळीवर थांबले! आणखी दोन ओळी वाचायला किती वेळ लागला असता?

आता एक भीतीही सांगून टाकतो, कारण कार्यकर्त्यांनी तिचा विचार केला पाहिजे. सगळे दप्तर यंत्राने वाचले, प्रत्येक नावापुढची जात शोधण्याजोगी झाली, की ती फक्त नातीलाच शोधता येईल असे नाही. शहरात घर भाड्याने देणारा मालकही शोधील. आडनाव बदलून, गाव सोडून ज्याने दोन पिढ्या जरा मोकळा श्वास घेतला, त्याचा माग एका बोटावर लागेल. म्हणून ही सूची आमच्या हातून झाली पाहिजे. काय उघड ठेवायचे, काय फक्त घरच्यांनी मागितल्यावर द्यायचे, हे आम्ही ठरवले पाहिजे. नात म्हणते अशी व्यवस्था करता येते. तिला यातले कळते, मला कळत नाही, पण आमच्या विद्यार्थी संघटनांनी हा विषय अधिवेशनात घ्यावा असे मला वाटते. ठराव नको, काम घ्यावे. एका तालुक्याला दहा पोरे पुरतील.

नातीला दाखला मिळाला. फेरफाराची प्रमाणित नक्कल आणि मोडीचे लिप्यंतर जोडले, ते मान्य झाले. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. पण तिने शोध सोडला नाही. सुट्टीत येते तेव्हा रात्री बसून चौथी-पाचवी ओळ टंकते. आमच्या गावची १४३ नावे तिच्या वहीत झाली आहेत. यंत्र वाचते, मी भिंगातून तपासतो, आणि जिथे ते नाईक म्हणते तिथे आम्ही नाक करतो. मध्यंतरी तिने अशा दुरुस्त ओळी यंत्राला परत शिकवायला घेतल्या. अलीकडे चुका थोड्या कमी होतात असे ती म्हणते.

त्या फेरफारात एक जागा राहिली होती. माझे वडील तेव्हा चार वर्षांचे, म्हणून ‘दगडू, अज्ञान, पालनकर्ती आई’ असे लिहून पुढे आजीचे नाव. पण पान वहीच्या शिवणीत दुमडलेले आणि फोटो तसाच काढलेला. नाव शिवणीत गेले. यंत्राने तिथे काही नाही म्हणून सांगितले, आणि या वेळी ते खरे बोलले.

मग मला कॅसेट आठवली. १९८४ साली एका मित्राचा टेपरेकॉर्डर उसना आणून मी आत्याला बोलते केले होते. ती वडिलांहून मोठी, साथीच्या वर्षी सहा-सात वर्षांची असावी. १९९१ साली गेली. कॅसेट चाळीस वर्षे डब्यात पडून. नातीने ती पुण्याहून संगणकावर उतरवून आणली. बोलणे ऐकून लिहून काढणाऱ्या यंत्राला ती दिली तर त्याने आत्याच्या बोलीचे असे काही केले की आम्ही दोघे हसलो. शेवटी कानानेच ऐकायला बसलो. कोंबड्यांचा आवाज, मध्येच कोणाला तरी चहा टाक म्हणणे, साथीचे वर्णन, एकाच दिवशी उचललेली तीन प्रेते, आणि मग आत्या म्हणते, “बाप गेला तवा आमची आय भागू, दगडूला कडंवर घिऊन चावडीवर गेली, आंगठा द्याया.”

नातीने ते दोनदा ऐकले. मग वंशवृक्षाच्या तक्त्यात नव्या चौकोनात ‘भागू’ लिहिले आणि पुढचा रकाना भरायला गेली. तिथे आडनाव मागतात. ते टाकल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नाही. तो रकाना अजून लाल होऊन थांबलेला आहे.